पाच दिवसांचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण घरदार नसलेल्या भटक्या माणसासाठी वापरतो. ज्याचे घर पक्के आहे, दारावर नावाची पाटी आहे, गृहकर्जाचे हप्ते नियमाने जात आहेत, अशा माणसाला ती लागू पडेल असे पूर्वी कुणाच्या मनात आले नसते. परंतु आज आपल्या नात्यागोत्यात, सोसायटीत, मुलांच्या शाळेतल्या पालकांत थोडे डोकावून पाहिले, तर असा एखादा तरी गृहस्थ किंवा गृहिणी नक्की सापडेल. घर पुण्याला, नोकरी मुंबईला. घर नाशिकला, नोकरी ठाण्याला. घर कोल्हापूरला, नोकरी पुण्याला. सोमवारी पहाटे बॅग उचलायची, शुक्रवारी रात्री परतायचे आणि मधल्या चार रात्री त्या दुसऱ्या शहरातल्या भाड्याच्या खोलीत काढायच्या.

घरातले लोक या माणसाला थट्टेने ‘पाहुणे’ म्हणतात. पहिले सहा महिने त्यावर सगळे हसतात. पुढे कुणी हसत नाही आणि कुणी तसे म्हणतही नाही.

ही ज्याची त्याची खाजगी सोय आहे, त्यात इतरांनी बोलण्यासारखे काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. या खोलीचे ओझे एकेक कुटुंब एकट्याने वाहते हे खरे. पण ते निर्माण झाले आहे आपल्या शहरांच्या घरबांधणीतून, भाड्याच्या कायद्यांतून आणि नोकऱ्यांच्या वाटणीतून. किंमत घर मोजते आणि तिची नोंद मात्र कुठल्याच सार्वजनिक वहीत होत नाही.

पूर्वी घर हलायचे, आता माणूस हलतो

घरापासून दूर खोली करून राहणे महाराष्ट्राला नवे नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार वर्षानुवर्षे असाच राहिला. गावच्या मंडळाची एक खोली असायची, तीत पंधरा-वीस जण आपापली वळकटी आणि पत्र्याची पेटी घेऊन राहत. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर अंग टाकी. जेवणाला खानावळवाली बाई असे. या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या कर्जातून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे केले, यावरून त्या व्यवस्थेचा पसारा केवढा असेल याची कल्पना यावी. १९८२ च्या संपानंतर गिरण्या विझत गेल्या आणि ते जगही गेले.

त्या खोलीचे कौतुक करण्यात अर्थ नाही. तिथे दाटी होती, हाल होते. पण दोन गोष्टी तिथे होत्या. आजारी पडलेल्याला पेज करून घालणारे गाववाले शेजारीच होते. आणि आपण एकटे नाही, आपल्यासारखे सगळेच असे राहतात, ही भावना होती. आजच्या खोलीत गादी बरी असते, पंखा असतो, मोबाइलवर रोज मुलांचे तोंड दिसते. पण ताप आला तर पाण्याचा तांब्या स्वतःच भरून ठेवावा लागतो.

दुसरी परंपरा बदलीच्या नोकरीची. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा देशात व्यापारी बँकांच्या सव्वाआठ हजारांच्या आसपास शाखा होत्या. १९९० पर्यंत त्या साठ हजारांच्या घरात गेल्या. एवढ्या शाखा उघडायच्या म्हणजे तेवढी माणसे खेडोपाडी पाठवायची. मी त्यातलाच एक. बदलीचा हुकूम आला की ट्रंका बांधायच्या, गॅसचे कार्ड बदलायचे, मुलांना नव्या शाळेत घालायचे. तालुक्याच्या गावी ‘बँकेचे साहेब’ म्हणून दोन खोल्या सहज मिळत. कटकटी पुष्कळ होत्या. पण बिऱ्हाड जायचे ते अख्खे जायचे.

नव्वदच्या दशकात हे पाहता पाहता बदलले. माझ्याच बरोबरीचे सहकारी बदलीच्या गावी एकटे राहू लागले. कारण विचारले तर उत्तरे ठरलेली: पत्नीची नोकरी आहे, मोठीचे दहावीचे वर्ष आहे, फ्लॅट नुकताच घेतला आहे, आईला डोळ्यांनी दिसत नाही. यातले एकही कारण खोटे नव्हते. कुटुंबे सुधारली, म्हणजे ती एका जागी रुजली. दोन पगार आले, कर्जाने का होईना स्वतःची जागा आली, मुलांच्या शिक्षणाला महत्त्व आले. पूर्वी नोकरी बदलली की घर हलायचे; आता घर हलत नाही, माणूस हलतो. आठवड्याची खोली हे म्हणूनच गरिबीचे लक्षण नाही. ती मध्यमवर्गाने कष्टाने मिळवलेल्या स्थैर्याची दुसरी बाजू आहे.

वेळेचा जमाखर्च

मग रोज जाऊन-येऊन का करत नाहीत? करणारेही आहेत. डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली ती शनिवार-रविवारच्या सहलीची, पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना जाणाऱ्यांची गाडी म्हणून. पुढे ती नोकरदारांची झाली. नाशिककरांना हेच १९७५ पासून पंचवटी एक्स्प्रेसने दिले. या गाड्यांतल्या पासधारकांचे गणपती, भजने, वाढदिवस आणि भांडणे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

पण हिशेब मांडून पाहा. पुणे ते मुंबई १९२ किलोमीटर. डेक्कन क्वीनने एका वेळेला सुमारे सव्वातीन तास, म्हणजे दिवसाला साडेसहा. स्टेशनावर पोहोचणे आणि उतरल्यावरची लोकल यात धरलेलीच नाही. पाच दिवसांचे झाले साडेबत्तीस तास. वर्षातले अठ्ठेचाळीस आठवडे धरले तर १५६० तास, म्हणजे ६५ अखंड दिवस-रात्री. वर्षातले दोन महिने माणूस गाडीत असतो.

खोली घेतली की यातले चार पंचमांश तास वाचतात. कागदावर हा सौदा फायद्याचा दिसतो, आणि शरीराच्या दृष्टीने तो फायद्याचा आहेही. पाठदुखी थांबते, झोप पुरी होते. पण बँकेत जमेच्या रकमेबरोबर ती कुठल्या खात्यात जमा झाली हेही पाहतात. इथे वाचलेले तास ज्या घरासाठी वाचवायचे त्या घरी पोहोचतच नाहीत. ते त्या खोलीत जमा होतात, जिथे त्यांची कुणालाच गरज नसते. रोज ये-जा करणारा रात्री नऊला का होईना घरी येतो, मुलाच्या वहीवर सही करतो, आईच्या गोळ्या संपल्याचे त्याच्या लक्षात येते. खोलीवाला साडेसहालाच मोकळा होतो आणि मग आठपर्यंत काय करावे हा त्याच्यापुढे प्रश्न असतो. तेव्हा बरेच जण ऑफिसातच बसून राहतात. वाचलेला वेळ अशा रीतीने पुन्हा नोकरीलाच मिळतो, तोही फुकट.

पैशांचा हिशेब याहून सोपा आहे. सोमवार ते गुरुवार अशा चार रात्री, म्हणजे महिन्याच्या सतरा. भाडे मात्र तीस दिवसांचे. उदाहरणादाखल पंधरा हजार भाडे धरले तर झोपलेल्या एका रात्रीला जवळजवळ नऊशे रुपये पडतात. ‘शनिवार-रविवार मी नसतो, थोडे कमी करा,’ असे भाडेकरू म्हणतो. ‘अहो, पण तुमचे सामान असते ना? खोली अडकूनच राहते,’ असे मालकीणबाई म्हणतात. दोघांचेही बरोबर आहे. शिवाय स्वतःच्या घराचे हप्ते चालूच असतात. जुन्या करपद्धतीत घरभाडे भत्त्यावर आणि गृहकर्जाच्या व्याजावर सवलत घेता येत असे, अजूनही घेता येते. पण २०२३ पासून जी नवी पद्धत आपोआप लागू होते, तीत भाड्याची सवलत नाही आणि स्वतः राहत्या घराच्या व्याजाचीही नाही. दोन चुली चालवणाऱ्याला सरकार एकच चूल मोजते.

खोली मिळणे का अवघड

पुण्यात ‘कॉट बेसिस’ हा शब्द लहान मुलालाही कळतो. मुंबईत त्याला पेइंग गेस्ट म्हणतात. एक पलंग, एक कपाट, गॅस फक्त चहापुरता, पाहुणे आणायचे नाहीत, दहाच्या आत घरात. चाळिशी-पन्नाशीच्या, हाताखाली वीस माणसे असलेल्या अधिकाऱ्याने रात्री कडी वाजवताना मालकांची झोप मोडेल म्हणून अंग चोरावे, यात काहीतरी केविलवाणे आहे. दोष मालकांचाही नाही. अनेकदा ती मुले परदेशी असलेली वृद्ध जोडपी असतात. त्यांना पैशाइतकीच रात्री घरात माणूस असण्याची गरज असते.

स्वतंत्र खोली हवी असेल तर दलाली, काही महिन्यांची अनामत, सोसायटीची परवानगी, पोलिसांकडे माहिती आणि ‘फॅमिली आहे का?’ हा प्रश्न. या माणसाला फॅमिली आहे, फॅमिलीसाठीच तर हा खटाटोप आहे. पण ती बरोबर नाही म्हणून तो सोसायटीच्या हिशेबी ‘बॅचलर’ ठरतो.

ही टंचाई आपोआप आलेली नाही. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली. त्या काळी ते भाडेकरूंच्या संरक्षणासाठी आवश्यक होते. पण ते दशकानुदशके तसेच राहिले. १९७३ च्या दुरुस्तीने तेव्हा जागेत असलेल्या लायसन्सधारकांनाही भाडेकरूंचे संरक्षण मिळाले. ‘एकदा दिलेली खोली गेली’ ही धास्ती मालकांच्या मनात तेव्हापासून बसली. भाड्याने देण्यासाठी चाळी बांधणे थांबले आणि विकण्यासाठी फ्लॅट बांधणे सुरू झाले. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात लिव्ह अँड लायसन्सच्या कराराची नोंदणी सक्तीची झाली, आणि मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट रक्कम घेण्याची तरतूद झाली. कायद्याने मालकाची भीती काढली, पण मनातून ती गेली नाही. देशातल्या शहरी कुटुंबांत भाड्याने राहणाऱ्यांचे प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होते, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांच्या आसपास आले. त्याच २०११ च्या जनगणनेत शहरांतून १ कोटी १० लाखांवर घरे रिकामी आढळली. एकीकडे कुलूप लावलेली घरे आणि दुसरीकडे पलंगाच्या शोधात फिरणारी माणसे, असे हे चित्र आहे.

ना इथला, ना तिथला

बँकेत जी रक्कम कुठल्या खात्याची हे ठरत नाही ती तात्पुरती ‘सस्पेन्स’ खात्यात टाकतात. आठवड्याच्या खोलीतला माणूस हा आपल्या सार्वजनिक जीवनातला सस्पेन्स खात्यातला माणूस आहे.

मतदार यादीत नाव एकाच ठिकाणी ठेवता येते, आणि ते तो साहजिकच घरच्या गावी ठेवतो. म्हणजे ज्या शहरात तो पाच दिवस पाणी वापरतो, बसने जातो, खड्डे चुकवतो, तिथल्या नगरसेवकाला त्याची पर्वा असण्याचे कारण नाही. गावी मतदानाचा हक्क आहे, पण वॉर्डाची सभा बुधवारी असते. २०११ च्या जनगणनेने घरापासून कामाच्या जागेचे अंतर विचारले, ही चांगली गोष्ट झाली. पण या माणसाने कुठले अंतर सांगायचे? खोलीपासूनचे पाच किलोमीटर की घरापासूनचे एकशेनव्वद? कायम स्थलांतर करणाऱ्याची नोंद होते, रोज ये-जा करणाऱ्याची होते. दर आठवड्याला स्थलांतर करणाऱ्यासाठी रकानाच नाही. आणि ज्याला रकाना नाही त्याच्यासाठी योजना होत नाही.

ग्रामीण भागात याचीच उलटी तऱ्हा दिसते. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी यांनी मुख्यालयी राहावे असा नियम आहे. गावात राहण्याजोगी खोली नाही, मुलांसाठी शाळा नाही. मग खोली कागदावर गावात असते आणि माणूस अप-डाऊन करत एसटीत असतो. शहरात खरी खोली आहे पण तिची नोंद नाही, खेड्यात नोंद आहे पण खोली नाही. दोन्हीकडे नियम करणाऱ्याने कुटुंब डोळ्यांसमोर ठेवलेले नाही.

मार्च २०२० मध्ये गाड्या थांबल्या तेव्हा ही व्यवस्था किती तकलादू आहे ते कळले. काही जण खोलीत अडकले, काहींची खोली कुलूपबंद राहून भाडे चालू राहिले. पुढे काही कचेऱ्यांनी घरून काम दिले आणि अशा घरांना प्रथमच कळले की बुधवारी संध्याकाळी सगळे एका ताटाभोवती बसू शकतात. नंतर पुन्हा बोलावणी आली. कुठे पाच दिवसांची, कुठे तीन दिवसांची. आता तीन दिवसांच्या खोल्याही शोधल्या जातात.

बाईने खोली घेतली तर

आतापर्यंत मी ‘तो’ लिहीत आलो, कारण लिहिण्याची सवय तशी आहे. पण बढती घेऊन दुसऱ्या शहरी खोली करणाऱ्या स्त्रिया आता कमी नाहीत. पुरुषाने खोली घेतली की नातेवाईक म्हणतात, ‘बिचारा, जेवणाचे हाल होत असतील.’ बाईने घेतली की विचारतात, ‘मुलांकडे कोण बघतं?’ माझ्या ओळखीच्या एक बाई रविवारी दुपारी चार दिवसांच्या भाज्या चिरून, डब्यांवर वारांच्या चिठ्ठ्या लावून फ्रिजमध्ये ठेवतात आणि मग निघतात. त्यांचे यजमान पदार्थ उत्तम गरम करतात. बाईंनी हे कौतुकाने सांगितले, तक्रार म्हणून नव्हे. पण त्यांना एक खोली करूनही दोन्ही घरे सांभाळावी लागतात हे ऐकणाऱ्याला कळते. उलट, पुरुष खोलीवर गेला की घरी राहिलेल्या पत्नीवर बँक, दवाखाना, गॅस, सासूबाईंची तपासणी आणि मुलाचे बंड, असे सगळे पाच दिवस एकटीने येऊन पडते. खोली कुणीही घ्या, जास्तीचे काम कुणाकडे जाते ते ठरलेलेच आहे.

पती-पत्नींना शक्यतो एकाच ठिकाणी नेमावे अशी मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने १९८६ मध्येच काढली. म्हणजे प्रश्न सरकारला ठाऊक नाही असे नाही. ‘शक्यतो’ या एका शब्दात तो अडकून पडला आहे.

काय करता येईल

यावर एकच जालीम उपाय नाही, पण काही गोष्टी अगदी आवाक्यातल्या आहेत. २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नोकरदार महिलांसाठी वसतिगृहे आणि कामगारांसाठी भाड्याची सामायिक निवासस्थाने यांची घोषणा झाली. अशी निवासस्थाने कचेऱ्यांच्या आणि स्थानकांच्या जवळ हवीत, आणि त्यांत आठवड्याच्या मुक्कामाची सोय हवी. ज्या दिवशी माणूस राहतो त्याच दिवसांचे भाडे घेणारी चांगली जागा मिळाली, तर मुंबईत एका पलंगावर दोन माणसांची सोय होईल; गिरणी कामगारांनी हे पाळ्यांमध्ये करून दाखवले होते, फक्त त्यात आता स्वच्छता आणि मान हवा. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या जागेची अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांची ठेवली आहे. ही मर्यादा प्रत्यक्षात आली तरी मोठा आधार मिळेल. आणि नोकरी देणाऱ्यांनी सोमवारी सकाळच्या बैठका अकराच्या आधी ठेवल्या नाहीत, तर कितीतरी माणसांना रविवारची रात्र स्वतःच्या घरी झोपता येईल. याला एक पैसाही लागत नाही.

घरांनीही काही गोष्टी आधी ठरवल्या पाहिजेत. खोली घेताना आपण भाडे, अंतर, पाणी सगळे विचारतो. किती काळ, हे विचारत नाही. ‘सध्यापुरती’ घेतलेली खोली पाहता पाहता सात वर्षे चालते आणि तेवढ्यात पाचवीतली मुलगी बारावी होते. कर्जाला जशी मुदत असते तशी या व्यवस्थेलाही घालावी. दोन वर्षे म्हणा, तीन म्हणा. पण ती संपली की सगळ्यांनी बसून पुन्हा हिशेब करावा, आणि त्या बैठकीत मुलांना आणि आजी-आजोबांनाही बोलू द्यावे. पगारातली वाढ त्या हिशेबात एका बाजूला लिहिताना दुसऱ्या बाजूला कोणत्या रकमा येतात, हे सर्वात चांगले त्यांनाच ठाऊक असते.

शहरांना माणसांचे श्रम हवेत, बुद्धी हवी, पाच दिवस हवेत. ती जोवर त्यांना कुटुंबासह परवडणारे छप्पर देत नाहीत, तोवर ही खोली राहणार. निदान ती आहे हे मान्य करावे. आज रविवार आहे; हा लेख वाचला जात असेल तेव्हा कितीतरी घरांत एक बॅग अर्धी भरलेली असेल, आणि तिच्यात चिवड्याचा डबा ठेवताना कुणीतरी ‘शुक्रवारी लवकर निघता येईल का?’ असे विचारत असेल. या प्रश्नाचे उत्तर एकट्या त्या माणसाकडे मागून चालणार नाही.